कलम बांधणारे शेटजी

मुंबईहून अहमदाबादकडे निघालेला प्रवासी चारोटी नाक्यावर गाडी थांबवतो, चहा पितो आणि पुढे निघतो. पुढे थोड्याच अंतरावर हमरस्त्याला लागून विवळवेढ्याचे महालक्ष्मीचे देऊळ आहे. गाडीतली वडील माणसे बसल्या जागेवरून हात जोडतात, मुले मागच्या उंच सुळक्याकडे बोट दाखवतात, आणि तोवर गाडी पुढे गेलेलीही असते. डहाणू तालुक्याची शहरातल्या लोकांना असलेली ओळख बहुधा इतकीच. फार तर घोलवडचा चिकू आणि बोर्डीचा समुद्रकिनारा.

मी साताऱ्याकडचा. १९८४ साली शिक्षक म्हणून या भागात आलो तो इथलाच होऊन राहिलो. या चाळीस वर्षांत ज्या माणसांनी मला काही शिकवले, त्यांपैकी एका बागायतदाराची ओळख मी आज वाचकांना करून देणार आहे. ते धर्माने जरथुष्ट्री, वंशाने इराणी आणि जन्माने डहाणूकर. वय एकोणऐंशी. “लिहा हवं तर मास्तर, पण माझं नाव छापायचं नाही,” अशी त्यांची अट असल्यामुळे सगळा गाव त्यांना ज्या नावाने हाक मारतो, त्याच ‘शेटजी’ या नावाने मीही त्यांचा उल्लेख करतो.

पारशी आणि इराणी यांत आपण पुष्कळदा गल्लत करतो. पारशांचे पूर्वज हजार-बाराशे वर्षांपूर्वी संजाणच्या किनाऱ्याला लागले. दुधात साखर विरघळावी तसे आम्ही या देशात मिसळून जाऊ, असे त्यांनी तिथल्या राजाला सांगितल्याची कथा शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. पुढे संजाण पडल्यावर त्यांनी आपला पवित्र अग्नी बोर्डीजवळच्या बाहरोटच्या डोंगरातील गुहांत जपला, आणि अनेक ठिकाणे बदलत १७४२ साली तो उदवाड्यास स्थिरावला. इराणी मात्र अलीकडचे. एकोणिसाव्या शतकात यझ्द आणि केरमान या भागांत जे जरथुष्ट्री उरले होते, त्यांच्या हालांना सीमा नव्हती. जिझिया कर, दुष्काळ आणि पावलोपावली अपमान! मुंबईच्या पारशांनी १८५४ साली माणेकजी लिमजी हातरिया यांना तिकडे धाडले. त्यांच्या दीर्घ खटपटीनंतर १८८२ मध्ये तो कर उठला. परंतु लोकांचे इकडे येणे थांबले नाही. मुंबईच्या कोपऱ्याकोपऱ्यावर चहा आणि ब्रुन-मस्का देणारी हॉटेले ज्यांनी काढली, तेच हे इराणी. त्यांच्यापैकी काहींना शहर मानवले नाही. ते रेल्वेने उत्तरेकडे आले आणि डहाणू-घोलवडच्या मातीत त्यांनी बागा लावल्या.

शेटजींचे आजोबा चौदाव्या वर्षी यझ्दजवळच्या खेड्यातून निघाले. बंदरापर्यंत खेचरांच्या तांड्याबरोबर, तेथून बोटीने मुंबईस. सहा वर्षे त्यांनी एका इराण्याच्या हॉटेलात कपबशा विसळल्या. निजायला जागा टेबलाखाली. साठवलेले पैसे घेऊन ते डहाणूस आले तेव्हा त्यांना मराठी येत नव्हते, गुजराती मोडकेतोडके येई, आणि शेतीचे ज्ञान म्हणाल तर डाळिंबाचे! चिकू त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

चिकू तरी कुठे इथला होता? त्याचे माहेर मेक्सिको आणि मध्य अमेरिका. तिकडे या झाडाच्या चिकापासून चघळायचा गोंद करीत. घोलवडला चिकूची पहिली लागवड १८९८ साली झाली, असे सांगतात. समुद्राची दमट हवा त्याला मानवली आणि पाहता पाहता हा परका पाहुणा या तालुक्याची ओळख होऊन बसला. २०१६ मध्ये ‘डहाणू घोलवड चिकू’ला भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०२१ मध्ये तो विलायतेच्या बाजारातही जाऊन पोहोचला.

येथवरची कहाणी कोणत्याही कर्तबगार घराण्याची वाटेल. आजोबांनी दहा एकर केले, वडिलांनी तीस केले, शेटजींनी १९७० साली कारभार हाती घेऊन विहिरी बांधल्या, ट्रक घेतला, दिल्लीपर्यंत माल धाडला. दिवाळी अंकातले यशस्वी उद्योजकांवरचे लेख इथेच संपतात. परंतु मला ज्या गोष्टीबद्दल लिहायचे आहे ती यापुढची आहे. आणि ती समजण्यासाठी या भागाचा थोडा जुना हिशेब डोळ्यांपुढे ठेवला पाहिजे.

या बागा, ही गवताची कुरणे आणि ही भातखाचरे ज्यांच्या श्रमावर उभी राहिली ते वारली. जमीनदार आणि सावकार यांच्यात सर्व जातिधर्मांचे लोक होते. वेठीला धरले जाणारे मात्र आदिवासीच. लग्नासाठी शे-दोनशे रुपये कर्ज काढायचे आणि त्यापायी नवराबायकोने सावकाराच्या घरी वर्षानुवर्षे राबायचे. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. २३ मे १९४५ रोजी आज तलासरी तालुक्यात असलेल्या झरी गावी वारल्यांची मोठी परिषद भरली आणि वेठ करायची नाही असे ठरले. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांनी त्या लढ्याची बांधणी केली. त्याच वर्षीच्या १० ऑक्टोबरला तलवाड्यास जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड आणि त्याचे सोबती प्राणाला मुकले. गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हा इतिहास लिहून ठेवला आहे.

परुळेकर पतिपत्नी बाहेरचीच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ याही बाहेरच्याच. अनुताई १९४५ मध्ये बोर्डीस आल्या आणि १९५७ पासून कोसबादच्या टेकडीवर राहिल्या. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, गुरे राखायला ते कुरणात जात असेल तर कुरणातच शाळा भरवावी, असा त्यांचा खाक्या. या माणसांचे मोठेपण कशात? ती आली आणि त्यांनी काम केले, एवढ्यातच ते नाही. त्यांनी मागे इथलीच माणसे उभी केली. झरी-तलासरीच्या चळवळीतून लहानू कोम हे आदिवासी कार्यकर्ते १९७७ साली डहाणूतून लोकसभेवर निवडून गेले. कोसबादला शिकलेल्या किती तरी बायकांनी पाड्यापाड्यांवर बालवाड्या चालवल्या.

शेटजींच्या बागेत मात्र असे कोणी तयार झाले नव्हते. त्यांच्याकडे एक वारली मुकादम होता. त्याने चाळीस वर्षे बाग सांभाळली. चिकूचे कलम कसे होते ते शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. खिरणीचे रोप घ्यायचे. ते इतके सावकाश वाढते की पेन्सिलीएवढे जाड व्हायला दोन-अडीच वर्षे लागतात. मग ते कुंडीसकट कालीपत्ती चिकूच्या झाडावर चढवून एका फांदीला टेकवायचे, दोघांचीही साल सारखी तासून जखमेला जखम भिडवायची आणि घट्ट बांधायचे. दोन-तीन महिन्यांत दोन्ही एकजीव झाले की फांदी तिच्या झाडापासून हलक्या हाताने तोडायची. याला भेटकलम म्हणतात. मुकादमाच्या हाताची शंभरातली नव्वद कलमे धरत. २००५ सालच्या पावसाळ्यात तो वारला.

“मास्तर,” शेटजी मला एकदा म्हणाले, “त्याला पोचवून आलो आणि बागेत खुर्ची टाकून बसलो. तीस एकर बाग माझी. पण कुठल्या झाडाला कुठल्या साली बुरशी लागली, कुठली विहीर वैशाखात दगा देते, ते सगळं त्याच्या डोक्यात होतं. त्याचे दोन्ही मुलगे वापीला कारखान्यात. कारण काय? बापानं चाळीस वर्षं केलं ते मजुरीच, हे त्यांनी पाहिलं होतं. मी त्याला दिवाळीला धोतर दिलं, आजारपणात पैसे दिले. हिशेबाची वही मात्र एकदाही त्याच्यासमोर उघडली नाही.”

त्यांची स्वतःची दोन्ही मुले तोवर परदेशी गेली होती. एक कॅनडात, एक ऑस्ट्रेलियात. आजोबा पोटासाठी इकडे आले आणि नातवंडे पोटासाठीच तिकडे गेली. यात तक्रार करण्यासारखे काही नाही असे शेटजी म्हणतात, पण म्हणताना चष्मा पुसतात.

पुढच्या वर्षी, २००६ च्या मृगात, त्यांनी आसपासच्या पाड्यांत निरोप धाडला. अठरा ते पंचवीस वयाच्या मुलामुलींनी यावे. वर्षभर शिकायचे, शिकताना रोजची मजुरी मिळेल. कलमे, छाटणी, खते, औषधे हे सगळे शिकवायचेच. परंतु दर शनिवारी दुपारी वही उघडायची. मराठी लिहिण्यावाचण्यात आणि हिशेबाच्या रीतीत मुले कच्ची पडू नयेत म्हणून त्यांनी मला बोलावले. मी गेलो तो आजतागायत जातो आहे.

पहिल्या शनिवारी आली किती? चार! एका मुलीची आजी तिला परत न्यायला आली. तिने पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे दिवस पाहिले होते. शेटाच्या अंगणात फुकट काही मिळत नाही, आज वही दाखवतील आणि उद्या तिच्यावर अंगठा घेतील, असे ती ओसरीसमोर उभी राहून मोठ्याने म्हणाली. शेटजींनी वाद घातला नाही. त्यांनी तिला बसायला दिले आणि म्हणाले, “आजी, बरोबर बोलतेस. तू रोज इथं बस. वहीवर कुणाचा अंगठा घेताना दिसलो तर पोरीला घेऊन जा.” म्हातारी खरोखरच पावसाळाभर ओसरीवर तंबाखू चोळीत बसत होती. मुलगी राहिली.

वहीत काय शिकवीत? वाचकांना नवल वाटेल, पण पहिले सहा महिने फक्त ‘पट्टी’ वाचायला शिकवले. बागेतून माल दूरच्या बाजारात जातो. तेथला अडत्या तो विकतो आणि विक्रीचा जो कागद पाठवतो ती पट्टी. तिच्यात पेट्या किती, भाव काय, त्यातून भाडे, हमाली, अडत आणि घट किती वजा, हे सर्व असते. फळ उत्तम आणि पट्टी वाईट असे का होते, त्याचा शोध मुलांनी लावायचा. कधी फळ कच्चे तोडलेले असते. कधी लहानमोठे एकत्र भरलेले असते. कधी चीक न धुतल्याने सालीवर डाग पडलेले असतात. आणि कधी अडत्यानेच हात मारलेला असतो! एका मुलाने तीन महिन्यांच्या पट्ट्या जुळवून हमाली दोनदा कापल्याचे दाखवले. त्या दिवशी शेटजींनी त्याला दूरध्वनी देऊन सांगितले, “तूच बोल.” मुलाचे हात कापत होते, पण तो बोलला आणि पैसे परत आले. तो मुलगा आज त्याच्या गावचा सरपंच आहे.

या सरपंचपदाचे महत्त्व शहरात चटकन ध्यानात येणार नाही. डहाणू आणि तलासरी हे तालुके घटनेच्या पाचव्या अनुसूचीत येतात. १९९६ च्या पेसा कायद्याने इथल्या ग्रामसभेला पुष्कळ अधिकार दिले आणि सरपंचपद आदिवासींसाठी राखून ठेवले. २००६ च्या वनहक्क कायद्याने कित्येक कुटुंबांना पिढ्यान्पिढ्या कसत असलेल्या वनजमिनीचा पट्टा मिळाला. अधिकार कागदावर आला. परंतु ग्रामसभेत उभे राहून आराखडा वाचणारे, आकडा विचारणारे आणि नाही म्हणणारे माणूस कुठून आणायचे? ते कायद्याने तयार होत नाही. शनिवारच्या वहीपाशी ते तयार होत होते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

शेटजींच्या ओळखीच्या बागायतदारांना हे रुचले नाही. “आज शिकवता आहात, उद्या हीच पोरे तुमच्याशी भाव करतील,” असे त्यांना ऐकवण्यात आले. आणि वाचकहो, तसेच झाले! तिसऱ्या वर्षी मुलांनी एक अर्ज लिहून आणला. मजुरी वाढवा, बाई आणि बाप्या यांना सारखी द्या, आणि बागेतली दक्षिणेकडची दीडशे झाडे यंदा बाहेरच्या व्यापाऱ्याला न देता आम्हाला मक्त्याने द्या. खाली बारा सह्या. पहिली सही त्या आजीच्या नातीची. अर्जासोबत हिशेब होता, आणि तो बिनचूक होता.

शेटजी तीन दिवस कोणाशी बोलले नाहीत. मी भेटायला गेलो तेव्हा ते म्हणाले, “मास्तर, हे तुम्ही लिहून दिलंत?” मी म्हटले, “शेटजी, मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ तपासले.” ते खो खो हसले. चौथ्या दिवशी त्यांनी मजुरी सारखी केली. मक्त्यासाठी मात्र घासाघीस केली. दोन तास चालली. “फुकट दिलं असतं तर ते उपकार झाले असते, आणि उपकारावर कुणी उभं राहत नाही,” हे त्यांचे म्हणणे मला त्या वेळी पटले नव्हते, आज पटते.

पहिल्या वर्षी मुलांना मक्त्यात तोटा आला. पावसाळ्यात बुरशीने फळांचा सडा पडला आणि परगावच्या एका व्यापाऱ्याने पैसे बुडवले. त्यांनी शेटजींकडे सूट मागितली. शेटजींनी सूट दिली नाही, मुदत दिली. आणि आठ महिन्यांत त्यांनी पै न् पै फेडली. आज त्या गटाचे स्वतःचे पॅकिंग आहे. काहींनी वनपट्ट्याच्या जमिनीवर आंबा, काजू आणि मोगरा लावला आहे. रोपवाटिकेत दर पावसाळ्यात भेटकलमे तयार होतात आणि ती बांधायला मुकादमाचा धाकटा मुलगा वापीहून परत आला आहे.

सगळेच टिकले असे मात्र नाही. गेल्या एकोणीस वर्षांत जी शंभरावर मुले येऊन गेली, त्यांतली निम्मी तरी कारखान्यात, हॉटेलात किंवा मुंबईच्या लोकलने रोज ये-जा करणाऱ्या नोकऱ्यांत आहेत. डहाणूपर्यंत लोकल २०१३ साली आली आणि मुंबई जवळ झाली. दारू पिऊन वाया गेलेलेही दोघे-तिघे आहेत. शेटजी त्यांची नावे विसरत नाहीत.

आता नवा प्रश्न दारात उभा आहे. १९९१ च्या अधिसूचनेने या तालुक्यातील कारखानदारीवर बंधने घातली. १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणाने त्यांचा पहारा अनेक वर्षे केला. त्याच प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवण बंदराला नकार दिला होता. धर्माधिकारींच्या निधनानंतर २०२३ मध्ये त्याने संमती दिली, आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी बंदराची पायाभरणी झाली. किनाऱ्यावरचे कोळी अस्वस्थ आहेत, बागायतदार चिंतेत आहेत, आणि पाड्यांवरच्या तरुणांत दोन तट आहेत. कोणी म्हणतो नोकऱ्या येतील. कोणी म्हणतो नोकऱ्या दुसऱ्यांना आणि धूळ आम्हाला.

गेल्या वैशाखात मुलांनी शेटजींना सरळ विचारले, “शेट, तुमचं मत सांगा, आम्ही तसं करू.” मला वाटले, आता म्हातारा बोलेल, बाग वाचवण्याची याहून चांगली संधी कोणती? शेटजींनी मान हलवली. “माझं मत मी माझ्या सहीनं सरकारला कळवलं आहे. तुमचं तुम्ही ठरवा. माझ्या आजोबांना बोट कुठं जाते ते कुणी सांगितलं नव्हतं. पण कागद पुरा वाचा. नोकरी म्हणतात तर किती, कसली, किती वर्षांची, ते लिहून मागा. पट्टी वाचता तशी वाचा.”

त्या रात्री गटाची बैठक उशिरापर्यंत चालली. एकमत झाले नाही. परंतु तेवीस प्रश्नांची एक यादी तयार झाली आणि ती ग्रामसभेपुढे ठेवायची असे ठरले. यादी वाचून दाखवण्याचे काम आले आजीच्या त्या नातीकडे. ती आता दोन मुलांची आई आहे, गटाची अध्यक्ष आहे आणि शनिवारची वहीही आता तीच उघडते. शेटजी शेजारी खुर्चीत बसून ऐकतात.

चैत्री पौर्णिमेला विवळवेढ्याची यात्रा सुरू होते आणि पंधरा दिवस चालते. जव्हारच्या राजघराण्याकडून आलेला ध्वज वाघाडीच्या सातवी घराण्याचा पुजारी मध्यरात्री गडाच्या सुळक्यावर लावतो. पावसाळ्याची बेगमी म्हणून आदिवासी कुटुंबे सुकी मासळी, मसाले, टोपल्या, कोयते यांची खरेदी करतात. यंदा त्या बाजारात चिकूच्या कलमांचे एक दुकान होते. पाटीवर शेटजींचे नाव नव्हते, गटाचे होते. कलमाचा भाव विचारला तर काउंटरवरच्या मुलाने मला ओळख असूनही एक रुपया कमी केला नाही, आणि पैसे घेऊन पावती मात्र न मागता फाडून दिली.